दोरावरची ड्यूटी

१६ जून २०२५, सोमवार

आज परत मला दोर.

पुदू आरूला पाणी आलं. पुदू आरू म्हणजे नवी नदी. नाव नवी, वय नव्वद, आणि खरं तर नदीही नाही, कालवा. तंजावूर ओलांडून आमच्या गावाशी येतो नि पुढं ओरत्तनाडूकडं जातो. जानेवारीच्या शेवटी बंद करतात, मग साडेचार महिने पोरं त्यात क्रिकेट खेळतात. आज सकाळी नऊला पहिलं पाणी आलं. पुढं फेस, बाटल्या, एक चप्पल, मागं पाणी. बायकांनी फुलं टाकली.

पाण्याचा पहिला दिवस म्हणजे आमच्या पथकाचा सराव. सरकारी फायर स्टेशन ओरत्तनाडूला आहे, गाडी पोचायला पंचवीस मिनिटं. तोवर आम्ही. एक छोटा टेम्पो, शेतातला डिझेल पंप, शिडी, दोर, ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणि सहा माणसं. प्रमुख प्रतापसिंह मामा. ते कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नाही, सगळेच म्हणतात. फायर सर्व्हिसमध्ये तीस वर्षं ड्रायव्हर होते, आता बासष्टचे आहेत.

सुंदर आणि तुकोजी पाण्यात उतरले. वेंकटेश पुलावर. मला मामांनी दोराचं टोक दिलं. "पिंपळाला दोन वेढे घाल आणि धरून उभा रहा."

पिंपळ धरतोच आहे की. मग मी कशाला?

सुंदर पोहतो तो म्हशीसारखा. तुकोजी पन्नाशीचा, दोन हात मारले की धापा टाकतो. त्यांच्यापेक्षा मी बरा, हे सगळ्या गावाला माहीत आहे. जानेवारीत पाय घसरून याच कालव्यात पडलो आणि मामांनी काढलं, हे खरं. पण पाय कुणाचाही घसरतो. तिसऱ्या दिवशी मामा स्वतः घरी आले होते, "पथकात ये, माणूस हवाय," म्हणाले. हवाय तो पिंपळाच्या मदतीला, हे तेव्हा सांगितलं नाही.

हे देवनागरीत लिहितोय कारण गावात वाचणारं कुणी नाही. घरी मराठी बोलतो, लिहीत कुणी नाही. आई सामानाची यादी तमिळमध्ये करते. मी अक्षरं शिकलो नागलक्ष्मी टीचरच्या हिंदी क्लासात. तिथं दोघंच होतो, ज्यांनी हिंदीची अक्षरं आपल्या भाषेला लावून चिठ्ठ्या लिहिल्या. दुसरी साईप्रिया. म्हणजे या वहीला जगात एकच वाचक आहे, आणि तिचं गेल्या महिन्यात लग्न झालं.

१९ जून, गुरुवार

सतीशकुमारच्या बागेत नारळाच्या शेंड्यावर कदंडूचं पोळं. कदंडू म्हणजे अंगठ्याएवढी गांधीलमाशी. सात-आठ चावल्या की माणूस हॉस्पिटलात. संध्याकाळी, सगळ्या आत परतल्यावर, लांब काठीला टेंभा बांधून जाळायचं असतं. वेंकटेश पोत्यात शिरून, डोक्यावर हेल्मेट घालून चढला. मी खाली, शिडी धरून.

"मी चढतो," म्हटलं.

"तू हलका आहेस, शिडी धर," मामा म्हणाले.

"हलका माणूस चढतो, मामा. जड माणूस शिडी धरतो."

"कॉलेजात हे शिकवलं होय?"

"शिकवत होते. तेवढ्यात मी आलो."

सगळे हसले. मीही हसलो, पण डोकं फिरलं होतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी खुर्ची फेकली आणि बाहेर पडलो, हे सगळ्यांना माहीत आहे. का फेकली ते नाही. एकानं माझा फोन घेऊन साईप्रियाला लिहिलेला मेसेज वर्गात मोठ्यानं वाचला होता. फक्त माझा. तिचं उत्तर नव्हतंच, वाचणार काय.

पोळं जळलं. वरून पेटलेल्या कदंडू पडत होत्या. एक माझ्या मानेवर पडली. मी शिडी सोडली नाही. हे कुणी पाहिलं नाही.

२७ जून, शुक्रवार

शेळी आडात पडली. जुना, कोरडा आड, पाच वर्षं झाकलेला. अशा आडात हवा मेलेली असते. मामांची पद्धत: आधी कडुनिंबाच्या मोठ्या फांद्या दोराला बांधून अर्धा तास खालीवर करायच्या, हवा घुसळायची. मग पेटता दिवा सोडायचा. विझला तर परत घुसळायचं. दोनदा विझला, तिसऱ्यांदा तग धरून राहिला. शेळी खाली ओरडत होती, मालकीण वर.

दिवा राहिला तसा मी कमरेला दोर बांधला. गाठ अशी बांधली की मामांनीही वाकून बघितली. मला वाटलं, आज.

त्यांनी गाठ सोडली. सगळ्यांसमोर, लहान पोराची चड्डी सोडावी तशी. आणि सुंदरच्या कमरेला बांधली.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "तुम्हाला मी नकोय तर तसं सांगा, मी घरी जातो."

"घरी जा," ते म्हणाले. मी निघालो तसे मागून, "थांब. घरी नको. वेंकटेश, याला घेऊन जा, कापी पाज. संपली तरी बसवून ठेव."

"मामा, शेळी..." वेंकटेश म्हणाला.

"शेळीला मी आहे. तू जा."

वेंकटेशनं मला दोन कापी, म्हणजे कॉफी, पाजल्या, एक वडा खायला लावला आणि त्याच्या मोपेडच्या क्लचबद्दल पाऊण तास बोलला. मी म्हटलं, "सोड डा मला, कामं नाहीत का तुला?" तर म्हणतो, "हेच काम आहे."

शेळी वाचली.

९ जुलै, बुधवार

काही घडलं नाही. लिहितोय ते एवढ्यासाठी की आज मोजलं. सकाळी सुंदर आला, टायरमध्ये हवा भरायला पंप पाहिजे म्हणून. त्याच्याकडं स्वतःचा पंप आहे. दुपारी दोनला अखिला अक्काचा फोन. ती पूर्वी नर्स होती, पथकात औषधांची पेटी तिच्याकडं. रोज दोनला फोन करते. आज विचारलं, "डोकेदुखीच्या गोळ्या तुझ्याकडं राहिल्यात का?" काल विचारलं, "तुमच्याकडं पाऊस आहे का?" चार घरं सोडून राहते. चारला तुकोजी आला आणि बोललाच नाही, ओट्यावर बसून पेपर वाचून गेला.

आई म्हणते, "बघ कां, किती जीव लावतात."

जीव? आडाजवळ उभं राहायच्या लायकीचा नाही म्हणतात आणि पंप मागायला येतात. दिवसभर माणसं येतात जातात, आणि मी जे बोलेन ते ऐकायला एकही नाही. बोलायचं आहे ते फक्त तिच्याशी. तिला मेसेज करणार नाही असं ठरवलंय. सकाळी एक केला, लगेच पुसला. तिनं पाहिला नसेल. पाहिला असता तर काही लिहिलं असतं.

१८ जुलै, शुक्रवार

काल आडी महिना लागला. नवी लग्नं झालेल्या मुली आडीत माहेरी येतात, महिनाभर नवऱ्यापासून लांब. आमच्या मराठी घरांत हे पूर्वी नव्हतं म्हणे. तमिळ शेजाऱ्यांचं बघून कधीतरी आलं आणि आता आमच्याच बायका जास्त कडक पाळतात.

साईप्रिया आली. बसमधून उतरली, हातात मोठी कापडी पिशवी. मी स्टँडवर होतो. सहज.

"बरा आहेस?" तिनं विचारलं. मग परत, हळू, "बरा आहेस ना, खरंच?"

"मला काय धाड भरलीय."

"जेवतोस कां नीट? वाळलायस."

"तुला काय त्याचं?"

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मला लगेच वाईट वाटलं, पण तोंडातून परत घेता येत नाही. मग म्हणाली, "मामांचं ऐकत जा. ते सांगतील तसं."

"मामा तुला कुठं भेटले?"

"भेटले नाहीत. लग्नाआधी फोन केला होता त्यांनी. विचारत होते..." तेवढ्यात तिचे अप्पा पिशवी घ्यायला आले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बसच्या मागं जाऊन उभा राहिलो.

मामा माझ्यासाठी शब्द टाकायला गेले असतील! लग्नाआधी, शेवटचा प्रयत्न म्हणून. मला बोलले नाहीत. आडाजवळ त्यांना जे बोललो त्याची लाज वाटली.

सुंदरला हे सांगितलं. तो म्हणाला, "ती तुला अण्णा म्हणाली होती ना क्लासात? तिथंच केस बंद होती रे." मी त्याची कॉलर धरली. त्यानं सोडवली नाही, नुसता उभा राहिला. मग मीच सोडली.

२७ जुलै, रविवार

आडी अठरा, म्हणजे आडीचा अठरावा दिवस, त्याची मीटिंग. तीन ऑगस्टला सगळं गाव आणि आजूबाजूची चार गावं पायऱ्यांवर येणार. कावेरीची पूजा, चित्रान्नाचे डबे, बायका मंगळसूत्राचा पिवळा दोरा बदलणार. नवी जोडपी लग्नातल्या माळा दोन महिने जपून ठेवतात आणि त्या दिवशी पाण्यात सोडतात. नवरेही एका दिवसासाठी येतात.

पायऱ्यांपासून प्रवाहाच्या दिशेनं दोनशे पावलांवर कालव्यात आडवा दोर बांधायचा, दोराला रिकामे प्लास्टिकचे ड्रम. कुणी वाहून आलं तर त्याला पकडता यावा म्हणून. वैताग एवढाच की माणसं येत नाहीत, माळा येतात. शेकड्यांनी. दोरावर अडकतात, भिजून जड होतात, आणि दोर मध्यभागी पाण्याखाली जातो. मग तो कुणाच्या हाताला लागणार? म्हणून एकानं काठावर उभं राहून आकडीच्या बांबूनं एकेक माळ उचलून पलीकडं सोडायची.

"प्रणवेश," मामा म्हणाले.

कुणीही माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"पाण्याला पाय लावायचा नाही," मामा म्हणाले. "सांगून ठेवतो. काहीही झालं तरी."

तिच्या माळा माझ्या दोरावर येणार. हे त्यांच्या लक्षात आलं नसेल. की आलं असेल आणि त्यांना वाटत असेल, बघू दे एकदाचं? माणूस इतका निर्दय नसतो.

३ ऑगस्ट, रविवार

आजच लिहितो.

सकाळी सातपासून उभा होतो. तुकोजी माझ्यासोबत, त्याला म्हणे गुडघा दुखतोय. पायऱ्यांवर सुंदर आणि वेंकटेश ट्यूबा घेऊन, मामा वरच्या पायरीवर शिट्टी घेऊन, अखिला अक्का पिंपळाखाली. गर्दी इतकी की पायऱ्या दिसत नव्हत्या.

माझ्या मनात होतं, मी ओळखीन. तिच्या माळेत मरूची पानं होती, संपंगीची फुलं होती. फोटो शंभर वेळा पाहिलाय. पण दोन महिन्यांनी सगळ्या माळा सारख्याच होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तपकिरी, कडक, दोऱ्यावर चुरा. नवरा-नवरीच्या दोन एकत्र बांधलेल्या. शंभर जोड्या गेल्या असतील हातातून. मी प्रत्येक उचलून नीट बघायचो. तुकोजी म्हणाला, "भरभर टाक रे, काय पारखतोयस?"

नऊच्या सुमाराला ती पायऱ्यांवर दिसली. शेजारी नवरा, चष्मा, धोतरासारखी वेष्टी सांभाळत उतरत होता. वाकून दोघांनी काहीतरी सोडलं. मी पाण्याकडं बघत राहिलो. एकदम पंधरा-वीस जोड्या आल्या. मधल्या ड्रमला विळखा पडला, माळांचे नायलॉनचे दोरे गुंतले, आणि ड्रम खाली गेला. शेजारचा त्याच्या मागं. दोर मधोमध दिसेनासा झाला. बांबू तिथवर पोचत नव्हता.

मी उतरलो. शिट्टी मारून सांगायला हवं होतं, तुकोजीच्या कमरेला दोर बांधून पाठवायला हवं होतं, सगळं माहीत आहे. उतरलो. दोर धरून मध्यापर्यंत गेलो, श्वास घेऊन खाली बुडी मारली आणि ड्रमभोवतीचे माळांचे दोरे दातांनी तोडायला लागलो. तिचीही माळ त्यात असेल, हे डोक्यात नव्हतं असं म्हणत नाही. पण तोडत होतो. दोर सुटायला हवा, एवढंच.

वर आलो तर तुकोजी किंचाळत होता. मग पायऱ्यांवरून सुंदर, वेंकटेश, दोघंही आपापली जागा सोडून पाण्यात. आणि मामा. चष्मा, शिट्टी, वेष्टी, सगळ्यासकट, बासष्टाव्या वर्षी, ट्यूब न घेता. हजार माणसं पायऱ्यांवर, आणि पथकातला एकही माणूस तिथं नाही. सगळे माझ्याकडं येत होते, आणि मला काहीही झालेलं नव्हतं.

सगळ्यांत पुढं मामा पोचले. वेष्टी पायांत गुंडाळली, वर माळांचा ढीग, एक पाय दोऱ्यांत अडकला. खाली गेले. मी धरलं. त्यांनी माझा शर्ट मुठीत धरला आणि तोंडात पाणी जात असताना म्हणाले, "नाही सोडणार. परत नाही सोडणार तुला. समजलं?"

मी म्हणत होतो, "मामा, तुम्ही बुडताय. मामा, तुम्ही." ते ऐकतच नव्हते. शर्ट फाटेपर्यंत धरून होते. पायातले दोरे मी तोडले, ट्यूब सुंदरनं दिली, काठावर आणेपर्यंत मामांचे डोळे फिरले होते.

अखिला अक्कानं त्यांना पालथं केलं, पाठ दाबली, पाणी काढलं. श्वास आला. रुग्णवाहिका येईपर्यंत तिनं त्यांची नाडी धरून ठेवली. मग उठली आणि मला थोबाडीत मारली.

"किती वेळा?" ती म्हणाली. "किती वेळा काढायचं तुला पाण्यातून? सहा महिने आम्ही एक दिवस तुला एकटं सोडलं नाही रे!"

"मी दोर सोडवत होतो."

माझ्या हातात अजून माळ होती. तिनं माळेकडं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. पायऱ्यांवरून धावत आलेल्या गर्दीत साईप्रिया उभी होती, तिनंही. तिला धक्का बसल्यासारखं दिसत नव्हतं. कधीपासून वाट बघत असलेली वाईट बातमी आल्यासारखं दिसत होतं.

त्या चार-पाच मिनिटांत पायऱ्यांवर कुणी घसरलं नाही. नुसतं नशीब. पोलीस हवालदार ते मोठ्यानं बोलला.

४ ऑगस्ट, सोमवार

सुंदर आला नाही. दोन वाजले, सव्वादोन, अडीच. फोन नाही. तुकोजी नाही. आई स्वयंपाकघरातून माझ्याकडं बघते आणि मी बघितलं की रसम ढवळते.

पंप मागायला यायचा तो. गोळ्या राहिल्यात का विचारायची. वडा खायला लावला. घरी जा, नको, घरी नको. शिडी, पिंपळ, बांबू. मामा साईप्रियाला फोन करून काय विचारत होते तेही कळलं. शब्द टाकायला नव्हता फोन, मला एकटं ठेवायचं की नाही ते विचारायला होता.

सगळ्यांनी सहा महिने एक गोष्ट धरून ठेवली होती आणि एकानंही मला विचारलं नाही. मीही सांगितली नाही. मला राग यायला हवा. येत नाही. इतकं रिकामं घर मी कधी पाहिलं नव्हतं, आणि घरात आई आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

तंजावूरला हॉस्पिटलात गेलो. टाउन बसनं, एकटा. कुणी सोबत आलं नाही, मी सांगितलंच नव्हतं.

मामा खाटेवर, नाकात ऑक्सिजनची नळी. छातीत पाणी गेलंय, अजून दोन दिवस ठेवतील. चष्मा कालव्यात गेला, त्यामुळं मी अगदी जवळ जाईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही.

"कोण?"

"मी."

"ये. त्या स्टुलावर बस. डुगडुगतंय, सांभाळ."

बसलो. शेजारच्या खाटेवरचा माणूस मोबाइलवर मॅच बघत होता. मी तयार करून आणलेलं बोललो: "रविवारी मी दोरच सोडवत होतो. देवाशपथ."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पाण्यात तू धरलंस तेव्हाच कळलं. मला वर ढकलत होतास." दम लागला, थांबले. "म्हातारा झालोय म्हणून बोंबललो, दुसरं काय. पथकाचा प्रमुख पोस्ट सोडून उडी मारतो. सर्व्हिसमध्ये असतो तर मेमो मिळाला असता."

मी हसलो नाही. तेही हसले नाहीत.

"जानेवारीचं सांग," मामा म्हणाले. "पाय घसरला होता?"

सहा महिने मी हेच म्हणत आलोय. आईला, डॉक्टरला, सुंदरला. या वहीतही तेच लिहिलंय, जी कुणी वाचत नाही. शब्द तोंडात तयारच असतो.

"त्या दिवशी तिचा साखरपुडा होता," मी म्हणालो.

"ते विचारलं नाही."

सलाइनचा थेंब पडताना दिसत होता. मी सहा थेंब बघितले.

"नाही घसरला," मी म्हणालो.

मामांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतील, किंवा ओरडतील. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "त्या दिवशी तू माझा हात झटकलास पाण्यात. दोनदा. मी कुणाला बोललो नाही ते. मला वाटायचं, दिवसभर माणसं भोवती ठेवली की झालं. विचारायला पाहिजे होतं. भीती वाटली, विचारलं तर परत पाण्यात जाशील."

"आता?"

"आता काय. आता तू सांग. आत्ता कसं वाटतंय?"

"वाईट."

"तेवढं?"

"तेवढं नाही. पण आहे."

"मग ते रोज कुणाला तरी सांगायचं. सुंदरला सांग, अक्काला सांग. इथं मनाची एक डॉक्टरीण बसते, खालच्या मजल्यावर, तिलाही सांगायचं. मी तिच्याशी बोललोय. मी ऐकीन, पण मी म्हातारा आहे, मधेच झोपतो." आणि खरंच झोपले. माझं मनगट हातात होतं. नर्स येऊन बोटं सोडवेपर्यंत मी स्टुलावर तसाच, न डुगडुगता.

खालच्या मजल्यावर गेलो. दारावरची पाटी वाचली, गर्दी होती, सोमवारच्या नंबराची चिठ्ठी घेतली.

बाहेर ऊन. गेटजवळ सुंदर बाइकवर, इंजिन चालू, एक पाय जमिनीवर. आईनं सांगितलं असणार. रविवारनंतर पहिल्यांदा समोर आला. माझ्याकडं न बघता आरशाकडं बघत म्हणाला, "सेरी, बस. जाऊ या. कसे आहेत मामा?"

"बरे आहेत."

"आणि तू?"

मी मागं बसलो नाही. म्हणालो, "सांगतो. पण वेळ लागेल रे."

त्यानं इंजिन बंद केलं, गाडी सावलीत ढकलली आणि स्टँडवर लावली.